मिस्त्रींची उजवी टाच

नवी डांबरी सडक दिसली की मी भर उन्हात उजव्या पायातला बूट काढतो आणि सडकेवर टाच दाबून उभा राहतो. घरात सगळ्यांना याची लाज वाटते. मागच्या वैशाखात भाचीच्या लग्नाला अंबडला गेलो. मोटारीतून उतरून सगळे मांडवाकडे निघाले आणि मी मागे, एक बूट पायात, एक हातात. थोरली मुलगी अर्ध्या वाटेवरून परत आली.

"बाबा, चला न. लोक बघून राह्यले. त्यांना वाटंल काटा मोडला."

"मेण आहे," मी म्हणालो. "दोन उन्हाळ्यांत चाकोऱ्या पडतील."

"पडू द्या. तुम्ही आधी बूट घाला."

ही खोड माझी स्वतःची असती तर केव्हाच सुटली असती. स्वतःच्या चांगल्या सवयी सोडण्यात माझा हात धरणारा अजून भेटायचा आहे. पण ही दुसऱ्याची आहे, आणि मला सांभाळायला दिलेली आहे.

निजामाच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या दिवसांत, मी जालन्याला सडकेच्या खात्यात मुन्शी होतो. कामावर किती गडी आले, किती बाया आल्या, खडी किती पडली, हे लिहायचं. ते मी सावलीत बसून लिही. सडकेच्या कामावर सावली शोधणं हा एक वेगळा हुन्नर आहे आणि त्यात मी फार लवकर तयार झालो. पायात जाड मोजे, वर बूट, हातात छत्री. मजूर बाया मला पाठीमागं 'नवरी' म्हणत. छत्रीखाली पाय जपत चालणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

डांबराचं सगळं काम मिस्त्रींकडे होतं. उंच, वाळलेले, पन्नाशी ओलांडलेले. डोक्याला रुमाल, आणि पायात एकच चप्पल. डाव्या. उजवा पाय उघडा. पहिल्या दिवशी मला वाटलं चप्पल तुटली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं गरिबी असेल. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"उजवा पाय सरकारी आहे," मिस्त्री म्हणाले. "डावा माझा खासगी."

मग त्यांनी ताज्या सडकेवर उजवी टाच दाबली, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला, डोळे मिटले आणि पाचपर्यंत मोजलं. ही त्यांची तपासणी. सडकेच्या चार जाती त्यांनी ठरवल्या होत्या. टाच रुतली तर लोणी. टाचेचा ठसा उमटला आणि तसाच राहिला तर मेण. जराशी दबली आणि टाच उचलताच पुन्हा वर आली तर चामडं. दबलीच नाही तर काच. सडक चामड्यासारखी पाहिजे. लोणी आणि मेण उन्हाळ्यात जातं, काच थंडीत तडकते. एवढंच त्यांचं शास्त्र, बाकी सगळी पुस्तकं साहेब लोकांची.

हा उघडा पाय घेऊन ते सगळीकडे जात. एकदा आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. पायऱ्यांपाशी चपला सांभाळणारा म्हातारा त्यांच्याकडून एक चप्पल घेऊन दुसरीची वाट बघत उभा.

"दुसरी?"

"दुसरी ड्युटीवर न्हाई."

"मंग निम्मेच फुलं वाहा," म्हातारा म्हणाला आणि चप्पल ठेवून दिली. गाभाऱ्यात मिस्त्रींनी हात जोडले, डोळे मिटले, आणि मी शेजारून बघितलं तर टाच फरशीवर दाबलेली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "बिलकुल काच. पण सावलीत आहे, टिकंल."

दुसरा नाद जुन्या डांबराचा. कुठं सडक उखडली, कुठं नळासाठी खोदलं, की ते तुकडे गाडीत भरून आणत आणि कचेरीमागं रचत. काळा डोंगर झाला होता. पावसात त्यात विंचू निघत. बाकीचं खातं त्याला मिस्त्रींचं कब्रस्तान म्हणे. मिस्त्री चिडत.

"डांबर मरत न्हाई, मुन्शीजी. म्हातारं होतं. ऊन पिऊन पिऊन अंगातलं तेल आटतं अन् मंग ताठतं. नवं डांबर म्हंजे पोरगं, कुणीबी दाबलं की दबतं. एकट्या पोराच्या भरवशावर घर चालतं का? एकट्या म्हाताऱ्याच्या?"

जुन्याचा चुरा नव्यात किती घालावा याचे प्रयोग ते घरी करत, भाकरीच्या तव्यावर. त्यांच्या घरी जेवायला बसलं की वैनी पहिली भाकरी वाढताना नाकाशी नेऊन मगच ताटात टाकत. मला म्हणाल्या, "मुन्शीभाऊ, लोकाच्या घरी भाकर करपते. आमच्या घरी तिला वास सडकंचा येतो. तिसरा तवा आहे ह्यो. तुमच्या मिस्त्रींना म्हणावं, चौथा आणला तर सडकंवरच जेवा."

"सडक तयार झाली की जेवतो," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

लढाईनं त्यांच्या नादाला एकदम भाव आणला. डांबराची पिंपं यायची बंद झाली. मागणी केली की निम्मी यायची, तीही उशिरा. आणि इकडे जिनिंगपासून स्टेशनापर्यंतची अर्धा मैल सडक पार गेली होती. कापसाच्या गाठींच्या गाड्या तिच्यावरून जात, चाकांना लोखंडी धावा बसवलेल्या, आणि उन्हाळ्यात त्या डांबरात अशा चाकोऱ्या पाडत की बैलांना हाकायची गरज उरत नसे. गाठींचे व्यापारी शेठजी, कैक पिढ्या जालन्यात गेलेले मारवाडी, रोज कचेरीत येऊन म्हणत, "मिस्त्री, सडक बनवा की कडबोळं बनवा. माझ्या गाड्या स्टेशनला बराबर पोचल्या पाहिजे."

मोठ्या साहेबांनी आधी कचेरीपुढचा शंभर हातांचा तुकडा करून बघायला परवानगी दिली. ऐन चैत्रात मिस्त्रींनी निम्मं जुनं आणि निम्मं नवं कढईत एक केलं, खडीत कालवलं, पसरलं, रोलर फिरवला. चौथ्या दिवशी दुपारी टाच लावली. डोळे मिटले. मोजलं.

"चामडं," ते म्हणाले. "मुन्शीजी, तुम्ही बी बघा. दोन साक्षी पाहिजे."

मी बूट काढला, मोजा काढला आणि टाच टेकवली. माझी टाच म्हणजे काय विचारता. तिला त्यापूर्वी गादी आणि मोजा याखेरीज जग ठाऊक नव्हतं. ती भाजली ते सोडा, पण मला स्पष्ट कळलं की खाली काहीसुद्धा दबत नाहीये. आमच्या आईच्या पाट्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. ही काच होती.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. ऊन मी म्हणत होतं. छत्री दहा हातांवर पडलेली.

"बिलकुल चामडं," मी म्हणालो आणि सावलीकडे पळालो.

तो उन्हाळा मिस्त्रींचा होता. शेठजींची भरली गाडी त्या तुकड्यावर भर दुपारी उभी करून ठेवली, चाकाखाली रेघ उमटली नाही. लोक बघायला आले. मिस्त्री दोन्ही हात मागे बांधून उभे, उघडा पाय थोडा पुढे.

पौषात थंडी पडली आणि एका सकाळी कचेरी उघडायला गेलो तर तुकडा तडकलेला. बारीक, काळ्या, फाटे फुटलेल्या भेगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

साहेब आले. लोकरीच्या कोटात, हातात काठी. काठीच्या टोकानं एक भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत गेले.

"मिस्त्री, पुराना सो पुरानाच है. वो पूरा ढेर कल नदी के गड्ढे में डलवाओ. स्टेशन की सडक पे मुरूम डाल के छोड देंगे."

मिस्त्रींनी खाली बघितलं नाही. "हुजूर, ढीग राहू द्या. अर्धा मैल मला द्या. नवी पिंपं आहेत तेवढ्यात करून देतो. पुढचा पौष निघाला अन् एक भेग दिसली तर नोकरी सोडतो. अन् सोडायच्या आधी ती सडक माझ्या हातानं उकरून जातो."

साहेब बराच वेळ त्यांच्या एका चपलेकडे बघत राहिले. "तुम्हारी नौकरी को कितना बाकी है?"

"तीन साल."

"सोच लो."

"सोचलं, हुजूर."

साहेब गेले. मिस्त्री भेगांपाशी उकिडवे बसले आणि बोटानं चाचपत स्वतःशीच म्हणाले, "टाचेनं चामडं सांगितलं होतं. टाच कधी खोटं बोलली न्हाई." मला तिथं उभं राहवेना. एका माणसाची पंचवीस वर्षांची नोकरी मी सावलीसाठी पणाला लावली होती.

"मिस्त्री, मला त्याच दिवशी काच वाटली होती."

त्यांनी मान वर केली. "मंग बोलले का न्हाई?"

"ऊन लागून राह्यलं होतं."

दुसरा कुणी असता तर त्यानं मला त्या भेगेत गाडलं असतं. मिस्त्री उठले, दगडावर बसले आणि उजवा पाय उलटा करून मांडीवर घेतला. ती टाच मी पहिल्यांदाच नीट बघितली. काळी, चकचकीत, कडेनं भेगाळलेली. कचेरीपुढची सडकच जणू.

"गयाबाई, इकडं ये. बाभळीचा काटा आण."

गयाबाई बायांची मुकादमीण. 'नवरी' हे नाव तिनंच मला दिलेलं. ती काटा घेऊन आली.

"टोच टाचंत."

"मिस्तरीदादा, सकाळच्या पारी कशाला पाप लावता मला?"

"टोच म्हन्लं न." त्यांनी डोळे मिटले.

तिनं टोचला. मी तोंड फिरवलं.

"टोच की," मिस्त्री म्हणाले.

गयाबाईनं माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे. "टोचला, दादा. निम्मा आत हाय."

मिस्त्रींनी काटा काढला, हातात घेऊन बघितला. तिथं जमलेल्या चार माणसांपैकी कुणाला हसू आलं नाही, आणि त्या कामावर हे क्वचितच घडे. शेवटी गयाबाईच बोलली, कारण तिला गप्प राहणं जमत नसे. "एवढं काय त्यात. आमच्या बी टाचा अशाच. भेगा पडल्या की करडीचं तेल चोळतो, दोन दिसात नरम. सडकंला बी चोळा."

तिनं टोमणा मारला होता. मिस्त्रींनी हुकूम समजून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घाण्यावरून करडीचं तेल आणलं आणि कचेरीपुढच्या भेगांवर चोळून चोळून लावलं, टाचेला लावतात तसंच. त्याची खबर मला कुणी दिली नव्हती. मी हजेरीचं पुस्तक काखेत मारून ऐटीत कचेरीतून बाहेर पडलो आणि शंभर हातांपैकी निदान वीस हात पाठीवर गेलो. छत्री उघडी, त्यामुळे वेगही बरा होता. बायांनी पाट्या खाली ठेवल्या आणि पदर तोंडात घातले.

मिस्त्री धावत आले. मला वाटलं उचलायला. ते माझ्या पाठीला लागलेलं डांबर बोटानं काढून चोळून बघत होते.

"मुन्शीजी, हे बघा. वरचा पापुद्रा नरम पडला. तेल म्हाताऱ्याच्या पोटात गेलं पाहिजे, पाठीवर न्हाई."

तेव्हापासून तेल कढईत गेलं. आधी जुन्या डांबराचा चुरा तापवायचा, त्यात तेल सोडायचं, तो मऊ होऊन चकाकायला लागला की मग नवं डांबर. आणि माझी टाच सरकारी झाली. मिस्त्रींनी तसं सगळ्यांसमोर जाहीर केलं. "आजपासून माझी टाच रिटायर. मुन्शीजींची टाच कामावर."

"नवरीची?" गयाबाई म्हणाली.

"नवरीचीच पाहिजे. तिला कळतं."

आयुष्यात माझ्या नाजूकपणाचा कुणाला सार्वजनिक उपयोग झाला असेल तर तो एवढाच. मिस्त्री डांबर आणि खडीच्या भाकऱ्या थापत, थाळीएवढ्या, आणि कचेरीच्या पत्र्यावर ठेवत. पहाटे थंडीत त्यावर हातोडी मारून बघायची. दुपारी मी त्यावर टाच देऊन उभं राहायचं. निम्मं जुनं, थेंबभर तेल. काच. निम्मं जुनं, पळीभर तेल. दुपारी लोणी, माझी टाच रुतून बसली आणि भाकरीसकट घरी जावं लागलं. चार पाट्या नव्याला एक पाटी जुनं. मेण. एखादं मूल पाढे पाठ करतं तसे ते रोज एक प्रमाण घेऊन यायचे. चुकलं की पुसायचं, पुन्हा मांडायचं. थकल्याचं मी त्यांना कधी बघितलं नाही. मी रोज थकत होतो, तेव्हा खात्याचा हिशेब बराबर होता.

शेवटी तीन पाट्या नव्याला एक पाटी जुनं आणि कढईला अर्धी पळी तेल, या भाकरीवर मी उभा राहिलो तेव्हा माघ संपत आला होता. टाच किंचित आत गेली. उचलली तर ठसा हळूहळू भरून आला. मी पुन्हा दाबली. पुन्हा तेच. खोटं बोलायचं तर आता सावलीही जवळ नव्हती.

"चामडं," मी म्हणालो.

"ऊन लागून राह्यलं म्हणून?"

"न्हाई, मिस्त्री. लागून राह्यलं तरी."

फाल्गुन-चैत्रात आम्ही अर्धा मैल केला. दर कढईचा माल पसरला की मिस्त्री हात वर करून रोलर थांबवत आणि माझ्याकडे बघत. मी बूट काढायचा. एका दुपारी टाचेला फोड आला. मी म्हणालो, आज राहू द्या, कालच्यासारखंच आहे. मिस्त्रींनी रोलर थांबवलेलाच ठेवला, मजूर थांबलेले, कढई धुमसतेय, आणि ते नुसते उभे. रागावले नाहीत, विनवलं नाही. मी दुसरी टाच लावली. ते मेण निघालं. तो सगळा माल पुन्हा कढईत गेला. मी 'कालच्यासारखंच' म्हणून निघून गेलो असतो तर सडकेच्या मधोमध तेवढीच जागा बसली असती, आणि तिच्यासोबत मिस्त्रीही बसले असते.

उन्हाळ्यात गाठींच्या गाड्या गेल्या. पलीकडे, जिथं एका ठेकेदारानं नुसतं नवं डांबर ओतलं होतं, तिथं वैशाखात चाकोऱ्या पडल्या. आमच्या अर्ध्या मैलावर नाही. शेठजी म्हणाले, "मिस्त्री, आता बैलांना हाकावं लागतं. खर्चा वाढला माझा." हे त्यांचं कौतुक.

पण मिस्त्रींची परीक्षा उन्हाळ्याची नव्हतीच. कार्तिक लागला तसे ते बोलेनासे झाले. पौषात रोज सकाळी, अंगावर घोंगडी घेऊन, एक चप्पल वाजवत ते अर्धा मैल वाकून चालत. मी सोबत. एकही दिवस त्यांनी मला 'काय वाटतं' असं विचारलं नाही. टाचेचं काम संपलं होतं, आता डोळ्यांचं होतं.

साहेब आले त्या दिवशी थंडी अशी होती की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. तोच कोट, तीच काठी. जिनिंगपासून त्यांनी चालायला सुरुवात केली. मागे मिस्त्री, त्यांच्या मागे मी, मागे गयाबाई आणि निम्म्या बाया, ज्यांची हजेरी मी त्या दिवशी न झालेल्या कामावर लावली होती.

स्टेशन दिसायला लागलं आणि साहेब थांबले. सडकेवर एक काळी, बारीक, वाकडी रेघ. हातभर लांब.

"मिस्त्री," साहेब म्हणाले. "ये क्या है?"

मिस्त्री पुढे आले. वाकले नाहीत. रेघेकडे बघत उभे राहिले, नुसते ताठ. मी बघितलं तर त्यांच्या उघड्या पायाची बोटं सडकेला धरून ठेवल्यासारखी वळली होती.

"भेग असंल तर कुदळ आणतो, हुजूर," ते म्हणाले. "आत्ताच."

साहेबांनी काठीचं टोक रेघेत घातलं. टोक आत गेलं नाही. रेघच उचलली गेली. काठीच्या टोकाला लोंबली. गाठींची सुतळी होती, धुळीनं काळी झालेली, चाकांखाली दाबली गेलेली. तिच्या खाली सडक अखंड.

साहेबांनी ती सुतळी काढून मिस्त्रींच्या हातात दिली. "ढेर में कितना माल बाकी है?"

"पाऊण मैलाचं, हुजूर."

"तो पाऊण मैल और करो," असं म्हणून साहेब मोटारीकडे गेले.

मिस्त्रींनी सुतळी गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग गयाबाईकडे वळून, सडकेबद्दल एक अक्षर न बोलता, म्हणाले, "तुझं तेल."

ती म्हणाली, "माझं कशाचं. माझं फक्त तोंड."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वैनी ओसरीवर एक पोतं रिकामं करत होत्या. पोत्यातून चपला निघत होत्या. सगळ्या उजव्या, सगळ्या कोऱ्या. पंधरा-वीस वर्षं त्यांनी जोड घेतला होता, डावी झिजवली होती आणि उजवी पोत्यात टाकली होती, कारण फेकायचं त्यांना काही जमतच नसे. मिस्त्रींनी एक निवडली, धूळ झटकली आणि उजव्या पायात घातली. डावी जुनी, तळ कागदासारखा झालेला. उजवी नवी, जाड. उठून चालले तर लंगडत होते.

"डावी बी नवी घ्या की," मी म्हणालो.

"कशाला? चांगली आहे." दाराशी जाऊन ते परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. "नव्या-जुन्याला सोबत चालाया थोडे दिवस लागतात, मुन्शीजी. मंग कळत बी न्हाई कोन्तं कोन्तं."

वैनी आतून म्हणाल्या, "आता तव्यावर चपला भाजू नका म्हंजे झालं."

पुढं माझी बदली झाली. काही काळानं राज्यच बदललं, खातं बदललं, उर्दूतली हजेरी मराठीत आली. ती सडक त्यानंतरही होती. मिस्त्री मला मोटारीपर्यंत पोचवायला आले होते, दोन्ही पायांत चपला घालून. लोक अशा वेळी सांगतात, धीट व्हा, अंग मोडून काम करा, उन्हातान्हाची सवय करा. मला ते आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं आहे.

मोटार सुरू झाली तेव्हा मिस्त्री खिडकीशी आले. माझ्या बुटांकडे बघितलं.

"बूट सोडू नका," ते म्हणाले. "टाच नरम ठेवा."